अधिकारग्रहण आणि लहान पक्ष : वऱ्हाडांतील प्रतिसहकारवाद्यांचें उदाहरण

१. विषयाचें स्वरूप

खामगांवासारख्या जुन्या व्यापारी शहरीं घरांच्या माळ्यांवर कागदांचे जे गठ्ठे सांपडतात, त्यांतून मोडी खतें, फारखत्या, अडतीच्या वह्या व पोथ्या संग्राहक मोठ्या आस्थेनें वेंचून घेतात. त्याच गठ्ठ्यांच्या तळाशीं इ. स. १९२० ते १९४० या वीस वर्षांतील निवडणुकांचीं हस्तपत्रकें, मतदारांच्या याद्या आणि सभांच्या जाहिराती असल्या, तर त्या मात्र बहुधा रद्दींत जातात. हे कागद फारसे जुने नाहींत, त्यांवर शिक्कामोर्तब नाहीं, आणि ते छापील असल्यामुळें त्यांच्या प्रती अन्यत्र असतीलच असा सार्वत्रिक समज आहे. हा समज सर्वस्वीं बरोबर नाहीं. ज्या पक्षाचा पुढें जय झाला त्याचे कागद त्याच्या वारसांनीं जपले. जो पक्ष मोडला त्याचे कागद जपावयास वारसच उरला नाहीं.

वऱ्हाडांतील प्रतिसहकार पक्ष हा अशा बेवारस पक्षांपैकीं एक होय. इ. स. १९२६ मध्यें अकोल्यास जन्मलेला हा पक्ष पुढच्याच वर्षीं प्रांताच्या मंत्रिमंडळांत बसला, आणि दहा-अकरा वर्षांत त्याचें नांव निवडणुकीच्या रणांगणांतून पुसलें गेलें. अधिकार हातीं आल्यानें लहान पक्षाचें बळ वाढतें कीं घटतें, हा प्रश्न राज्यशास्त्राचे अभ्यासक आज मोठ्या हिरीरीनें चर्चितात. त्या प्रश्नाचें एक उत्तम उदाहरण आपल्याच प्रांतांत घडून गेलेलें आहे. तें काय आहे, त्यावरून कोणतें अनुमान काढतां येतें व कोणतें येत नाहीं, याचें विवेचन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रारंभींच एक खुलासा करणें इष्ट आहे. ‘लहान पक्ष’ म्हणजे कमी सभासदांचा पक्ष एवढाच अर्थ येथें अभिप्रेत नाहीं. ज्या पक्षास स्वतःच्या बळावर राज्यकारभार चालवितां येत नाहीं, व म्हणून अधिकार घ्यावयाचा तर दुसऱ्या प्रबळ सत्तेच्या शेजारीं बसूनच जो घ्यावा लागतो, तो लहान पक्ष. ही व्याख्या ध्यानांत ठेवल्यास पुढील विवेचन सुलभ होईल.

२. खामगांव व वऱ्हाडची राजकीय स्थिति

वऱ्हाड प्रांत इ. स. १८५३ च्या तहानें निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आला, आणि इ. स. १९०२ च्या कराराअन्वयें तो कायमच्या पट्ट्यानें त्यांजकडे राहिला. दुसऱ्याच वर्षीं तो मध्यप्रांतास जोडण्यांत आला. स्वामित्व निजामाचें व कारभार इंग्रजांचा, अशी ही विलक्षण अवस्था होती. त्यामुळें इ. स. १९१९ च्या सुधारणा-कायद्याखालीं वऱ्हाडचे प्रतिनिधि मतदारांनीं निवडून दिले तरी, कायद्याच्या दृष्टीनें गव्हर्नर त्यांची नेमणूक करी, व मगच ते नागपूरच्या कायदेमंडळांत बसत. जुन्या छापील याद्यांत वऱ्हाडच्या निवडून आलेल्या सभासदांपुढें ‘नेमलेले’ असा शब्द दिसला, तर ते सरकारी हस्तक होते असा तर्क करूं नये. ही चूक अभ्यासकांच्या हातून सहज होण्यासारखी आहे.

खामगांव हें या प्रांतांतील कापसाच्या व्यापाराचें मोठें ठाणें. जलंबपासून शहरापर्यंतचा आगगाडीचा फांटा इ. स. १८७० मध्यें सुरू झाला तो मुख्यतः कापसासाठींच. हा तालुका प्रथम अकोला जिल्ह्यांत होता. इ. स. १९०५ च्या फेररचनेंत तो बुलढाणा जिल्ह्यांत गेला. यामुळें त्या सालापूर्वींचे तालुक्याचे सरकारी कागद अकोल्याकडे व त्यानंतरचे बुलढाण्याकडे शोधावे लागतात. परंतु जिल्हा बदलला तरी लोकांचा ओढा बदलला नाहीं. खामगांवचा व्यापार, वकिली व राजकारण यांचा संबंध अकोला-अमरावतीशींच अधिक राहिला.

तत्कालीन मतदारसंघाचें स्वरूपही लक्षांत घेतलें पाहिजे. मताचा अधिकार सर्वांस नव्हता. शेतसारा, आयकर, घराचें भाडें अशा पात्रतेवर तो मिळे. मध्यप्रांतांत मालगुजार होते. वऱ्हाडांत रयतवारी असल्यामुळें येथील ग्रामीण मतदार म्हणजे स्वतःच्या नांवें सारा भरणारा खातेदार, आणि शहरांतील मतदार म्हणजे वकील, व्यापारी, अडते, कारखानदार. मतदार थोडे, परस्परांस ओळखणारे, आणि बहुतांशीं टिळकांच्या राजकारणांत वाढलेले होते. खामगांवास टिळकांच्या नांवाचें राष्ट्रीय विद्यालय उभें राहिलें, यावरून शहराचा कल कोणीकडे होता हें समजतें.

३. बहुमत असून अधिकार नाकारला (१९२३-१९२५)

इ. स. १९१९ च्या कायद्यानें प्रांतांत द्विदल राज्यपद्धति आली. शिक्षण, शेती, अबकारी, स्थानिक स्वराज्य इत्यादि ‘सोंपीव’ खातीं लोकनियुक्त मंत्र्यांकडे, आणि पोलीस, जमीनमहसूल, जमाखर्च इत्यादि ‘राखीव’ खातीं गव्हर्नर व त्याच्या कार्यकारी मंडळाकडे, अशी ही वांटणी होती. म्हणजे शाळा काढण्याचा अधिकार मंत्र्याचा, पण तिच्यासाठीं लागणाऱ्या पैशाच्या तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला.

इ. स. १९२० च्या पहिल्या निवडणुकीवर काँग्रेसनें बहिष्कार घातला. इ. स. १९२३ च्या आरंभीं देशबंधु दास व पंडित मोतीलाल नेहरू यांनीं स्वराज्यपक्ष काढला, आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या निवडणुकींत या पक्षास निर्भेळ बहुमत मिळालें तें सर्व हिंदुस्थानांत एकट्या मध्यप्रांत-वऱ्हाडांत. डॉ. मुंजे व बॅरिस्टर राघवेंद्रराव हे या पक्षाचे येथील अग्रणी. पक्षाची प्रतिज्ञा अशी कीं, कायदेमंडळांत शिरावयाचें तें अधिकार घेण्यासाठीं नव्हे, तर द्विदल पद्धति निरुपयोगी आहे हें सिद्ध करण्यासाठीं. त्याप्रमाणें इ. स. १९२४ च्या जानेवारींत मंत्र्यांवर अविश्वास व्यक्त झाला, आणि मार्चांत मंत्र्यांचें वेतन वर्षास दोन रुपये एवढें कापण्यांत आलें. मंत्र्यांनीं राजीनामे दिले व गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनीं सोंपीव खातीं आपल्याकडे घेतलीं.

प्रतिज्ञा तर पुरी झाली, परंतु पुढें काय, हा प्रश्न उभा राहिला. शाळा, दवाखाने, रस्ते यांविषयीं मतदारानें गाऱ्हाणें न्यावयाचें कोणाकडे? निवडून दिलेला प्रतिनिधि ‘आम्हीं अधिकार घेतला नाहीं’ एवढेंच सांगूं शके. खामगांवच्या अडत्यास वा मेहकरच्या खातेदारास एक वर्षपर्यंत हें उत्तर भूषणास्पद वाटलें असेल. दुसऱ्या वर्षीं तेंच उत्तर कंटाळवाणें वाटूं लागणें हा मनुष्यस्वभाव आहे.

इ. स. १९२५ च्या जूनमध्यें दासबाबू निवर्तले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनीं कार्यकारी मंडळांतील गृहखात्याची जागा स्वीकारली. तांबे हे स्वराज्यपक्षाचे व नागपूरच्या कायदेमंडळाचे अध्यक्ष होते. ही जागा त्यांच्या पूर्वीं अमरावतीचेच सर मोरोपंत जोशी यांजकडे होती. मोरोपंत हे नेमस्त, त्यामुळें त्यांच्या स्वीकारानें कोणास नवल वाटलें नव्हतें. तांब्यांचें तसें नव्हतें. पंडित मोतीलालजींनीं याचा तीव्र निषेध केला. उलट पक्षीं केळकर, जयकर व मुंजे यांचें म्हणणें असें पडलें कीं, विठ्ठलभाई पटेलांनीं मध्यवर्ती कायदेमंडळाचें अध्यक्षपद व स्वतः पंडितजींनीं स्कीन समितीचें सभासदत्व स्वीकारलें, तें पक्षास चालतें, मग तांब्यांचाच अपराध तो कोणता?

येथें तांब्यांच्या वर्तनाचा निवाडा करण्याचें प्रयोजन नाहीं. लक्षांत घ्यावयाचें तें एवढेंच कीं, वाद पदाच्या मोलाचा नसून प्रतिज्ञेच्या मोलाचा होता. अध्यक्षपद व समितीचें सभासदत्व यांस प्रतिज्ञेंत पळवाट होती, गृहखात्यास ती नव्हती. तुरुंग व पोलीस ज्या खात्याखालीं, त्या खात्याची खुर्ची स्वराज्यपक्षीयानें घेतली हें सामान्य मतदारास समजावून सांगणें कठीण होतें.

४. अकोल्याची परिषद व १९२६ ची निवडणूक

केळकर, जयकर व मुंजे यांनीं आपापल्या जागांचे राजीनामे दिले आणि इ. स. १९२६ च्या फेब्रुवारींत अकोल्यास प्रतिसहकार पक्षाची स्थापना केली. नांव नवें असलें तरी कल्पना जुनी होती. इ. स. १९१९ च्या अमृतसर काँग्रेसच्या वेळीं लोकमान्यांनीं ‘प्रतियोगी सहकारिते’चा पुरस्कार केला होता, म्हणजे सरकार जितकें देईल तितकें घ्यावें, जितकें सहकार्य करील तितकें करावें, आणि उरलेल्यासाठीं झगडावें. आपण टिळकांच्या मार्गानेंच जात आहों असें या मंडळींस मनापासून वाटे, आणि वऱ्हाडांत तरी तसें म्हणण्याचा अधिकार त्यांस होता. यवतमाळचे माधवराव अणे यांच्यासारखी टिळकपरंपरेंतील माणसें या पक्षांत होतीं. एप्रिलांत साबरमतीस समेटाचा प्रयत्न झाला, पण तो टिकला नाहीं.

नोव्हेंबरच्या निवडणुकींत स्वराज्यपक्षानें या प्रांतांतील आपलें बहुमत गमावलें. या गोष्टीकडे विशेष लक्ष दिलें पाहिजे. ‘सत्ता घेतली म्हणून पक्ष बुडाला’ असें सरधोपट विधान करणाऱ्यास हा पहिलाच अडथळा आहे. तांब्यांनीं पद घेतल्यास एक वर्ष लोटलें होतें, त्याचा गवगवा सर्वत्र झाला होता, तरीही वऱ्हाडांत अधिकारग्रहणाचा पुरस्कार करणाऱ्यांचें बळ वाढलें. याचा अर्थ असा कीं, अधिकार घेण्याचें वचन मतदारास अप्रिय नव्हतें. तीन वर्षांच्या अडवणुकीस विटलेल्या मतदारास तें हवेंसेंच वाटत होतें. अर्थात् त्या काळीं हिंदु-मुसलमानांतील तेढ वाढलेली होती व तिचाही परिणाम मतदानावर झाला, म्हणून सर्व श्रेय अधिकारग्रहणाच्या धोरणास देणेंही योग्य होणार नाहीं.

तात्पर्य, अधिकाराचें वचन आणि अधिकाराचा उपभोग या दोन भिन्न गोष्टी आहेत. वचनानें लहान पक्ष वाढूं शकतो. त्याची परीक्षा होते ती पुढें.

५. मंत्रिपद, सत्याग्रह व पक्षाचा लोप (१९२७-१९३८)

इ. स. १९२७ च्या जानेवारींत राघवेंद्रराव व वऱ्हाडचे बॅरिस्टर रामराव माधवराव देशमुख यांचें मंत्रिमंडळ झालें. पक्ष आतां अधिकारारूढ झाला, परंतु तो कसल्या अधिकारावर? सोंपीव खात्यांच्या. सारा, पोलीस, तिजोरी हीं पूर्ववत् राखीवच. कापसाचे भाव इ. स. १९२९ नंतर कोसळले तेव्हां खातेदारास साऱ्याची सूट हवी होती, आणि साऱ्याचें खातें तर मंत्र्यांच्या हातींच नव्हतें.

त्याच सुमारास राजकारणाचें वारें पालटलें. सायमन कमिशनच्या बहिष्कारानें इ. स. १९२८ मध्यें देशांत एकी झाली. अणे हे नेहरू समितीवर होते. इ. स. १९३० मध्यें सविनय कायदेभंग सुरू झाला, तेव्हां अणे यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळाची जागा सोडली व जुलैंत पुसदच्या बाजूस जंगल-सत्याग्रहाचें पुढारीपण केलें. ज्या पक्षाचें सारें तत्त्वज्ञान ‘मिळालेला अधिकार राबवावा’ हें, त्याचाच अग्रणी गवत कापून तुरुंगांत गेला. व्यक्तिदृष्ट्या हें त्यांच्या देशभक्तीस शोभणारेंच होतें, पक्षाच्या दृष्टीनें मात्र ती विसर्जनाची घंटा होती. त्या वर्षींच्या निवडणुकींत काँग्रेस नव्हती. नव्या मंत्रिमंडळांत अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख आले. ते प्रतिसहकारवादी परंपरेंतले नव्हते. शेतकरी-बहुजन समाजांतून नवें नेतृत्व पुढें येत होतें, हेंही जुन्या वकील-पुढाऱ्यांच्या पक्षाच्या ऱ्हासाचें एक कारण होय.

इ. स. १९३५ च्या कायद्यानें मतदारांची संख्या पुष्कळ वाढली, आणि इ. स. १९३७ च्या निवडणुकींत ११२ जागांच्या विधानसभेंत काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळालें. प्रथम काँग्रेसनें अधिकार घेण्याचें नाकारलें, तेव्हां एप्रिलपासून जुलैपर्यंत राघवेंद्ररावांनीं अल्पमताचें मंत्रिमंडळ चालविलें. मग काँग्रेसनें अधिकार घेतला व डॉ. ना. भा. खरे मुख्य झाले. या खरे मंत्रिमंडळांत वऱ्हाडचे दोन मंत्री होते, एक अकोल्याचे पु. ब. गोळे आणि दुसरे, दहा वर्षांपूर्वीं द्विदल पद्धतींत मंत्री असलेले, तेच रामराव देशमुख! इ. स. १९३८ च्या जुलैंत खरे यांच्याबरोबर या दोघांनींही राजीनामे दिले तो इतिहास निराळा.

आतां या चरित्रांचा ताळा पहा. तांबे इ. स. १९२९ मध्यें कांहीं काळ हंगामी गव्हर्नर झाले. राघवेंद्रराव गृहमंत्री व इ. स. १९३६ मध्यें हंगामी गव्हर्नर झाले. रामराव देशमुख काँग्रेसच्या मंत्रिमंडळांत गेले व पुढें दक्षिण आफ्रिकेंत हिंदुस्थानचे हायकमिशनर झाले. अणे इ. स. १९४१ मध्यें व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत गेले, आणि इ. स. १९४३ मध्यें महात्माजींच्या उपोषणप्रसंगीं त्यांनीं राजीनामा दिला. म्हणजे माणसें सर्व तरलीं, नुसतीं तरलीं नव्हेत तर चढलीं. बुडाला तो पक्ष. अधिकाराचा लाभ व्यक्तीस होतो व त्याची किंमत पक्ष देतो, हा या इतिहासाचा मथितार्थ होय.

६. कारणमीमांसा

असें कां व्हावें? वरील वृत्तांतावरून चार कारणें स्पष्ट दिसतात.

पहिलें, दोषाची वांटणी. कारभार दोघांचा असला तर चांगल्याचें श्रेय थोरल्याकडे जातें व वाइटाचा ठपका धाकट्यावर येतो. कारण थोरल्याकडून लोकांनीं वेगळी अपेक्षा केलेलीच नसते. गव्हर्नरानें सारा वसूल केला तर तो सरकारचा धर्मच, परंतु आपला मंत्री तेथें असून सारा वसूल झाला, तर ‘मग तुम्हीं तेथें बसून केलेंत काय?’ हा प्रश्न येतोच. द्विदल पद्धतींत तर तिजोरी एकाकडे व जबाबदारी दुसऱ्याकडे, ही वांटणी कायद्यानेंच करून ठेवली होती.

दुसरें, एकाच प्रतिज्ञेवर उभें राहणें. मोठ्या पक्षास अनेक हितसंबंध व अनेक घोषणा असतात, त्यांतील एक मोडली तरी दुसऱ्या उरतात. लहान पक्षास लोक एका वैशिष्ट्यासाठीं मत देतात. तें वैशिष्ट्य अधिकाराच्या घासाघाशींत झिजलें, कीं त्याला मत देण्याचें कारणच संपतें. प्रतिसहकारवाद्यांचें वैशिष्ट्य ‘अधिकार घेऊन झगडूं’ हें होतें. अधिकार घेतलेला दिसला, झगडा मात्र फारसा दिसला नाहीं.

तिसरें, माणसांची तूट. लहान पक्षांत कर्तीं माणसें दहा-पांच असतात. तीं नागपूरच्या सचिवालयांत गेलीं म्हणजे अकोला, खामगांव, मलकापूर येथें सभा भरवावयास, वर्गणी जमवावयास, वृत्तपत्रास उत्तर द्यावयास कोण उरणार? याच काळांत अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी आदि काँग्रेस-पुढारी गांवोगांव हिंडत होते. एकाचा पुढारी फायलींत गुंतला होता, दुसऱ्याचा बैलगाडीनें फिरत होता. मतदारांची संख्या वाढतांच या फरकाचा परिणाम दिसला.

चौथें, प्रसादाची टंचाई. अधिकार आला कीं प्रत्येक अनुयायास कांहीं ना कांहीं हवें असतें, समितीवर जागा, शाळेस अनुदान, गांवास रस्ता. मोठ्या पक्षाकडे वांटावयास पुष्कळ असतें. लहान पक्षाजवळ एक पद व दहा इच्छुक. एक संतुष्ट होतो व नऊ रुसतात.

याच्या उलट बाजूसही कांहीं आहे, तें नाकारणें अन्यायाचें होईल. पदस्थ मनुष्याचें नांव घरोघर होतें, त्याच्याकडून कामें झालेलीं असतात, आणि विशिष्ट मतदारसंघांत त्याचें घट्ट बस्तान बसतें. म्हणून ज्या लहान पक्षाचें बळ थोड्या जागीं पण दाट आहे, त्यास अधिकाराची झळ कमी लागते. ज्याचें बळ सर्व प्रांतभर पण विरळ आहे, तो आधीं वाळतो.

७. अन्य उदाहरणांचा पडताळा

एका उदाहरणावरून सिद्धान्त बांधूं नये, म्हणून अलीकडील कांहीं उदाहरणें ताडून पाहूं.

महाराष्ट्रांत इ. स. १९९९ च्या विधानसभा निवडणुकींत शेतकरी कामगार पक्षास ५ व भारिप बहुजन महासंघास ३ जागा मिळाल्या. दोन्ही पक्ष विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारांत सामील झाले. शेकापनें इ. स. २००२ मध्यें पाठिंबा काढला. इ. स. २००४ च्या निवडणुकींत शेकाप २ वर व भारिप १ वर आला. तथापि त्याच मंत्रिमंडळांत मंत्री असलेले गणपतराव देशमुख सांगोल्याहून पुन्हां निवडून आले. म्हणजे रामराव देशमुखांच्या वेळीं जें दिसलें तेंच येथें निराळ्या रीतीनें दिसतें, पक्ष घटला व मनुष्य टिकला.

खुद्द खामगांवचें उदाहरणही याच बाजूचें आहे. पांडुरंग फुंडकर हे इ. स. १९७८ मध्यें जनता पक्षातर्फें खामगांवचे आमदार झाले. त्या पक्षाचे लोक शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारांत होते. तें सरकार इ. स. १९८० च्या फेब्रुवारींत बरखास्त झालें व जनता पक्ष फुटला. मे महिन्यांतील निवडणुकींत नुकत्याच जन्मलेल्या भारतीय जनता पक्षास २८८ पैकीं अवघ्या १४ जागा मिळाल्या, आणि त्यांत खामगांवची जागा होती. पक्षाचें नांव बदललें, सरकार गेलें, तरी आमदार राहिला.

परदेशांतही हाच अनुभव आहे. इंग्लंडांत लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या इ. स. २०१० मध्यें ५७ जागा होत्या. हुजूर पक्षाबरोबर पांच वर्षे राज्य केल्यावर इ. स. २०१५ मध्यें त्या ८ झाल्या, व मतें शेंकडा २३ वरून ८ च्या आंत आलीं. विद्यापीठांच्या शुल्कवाढीस विरोध करण्याची त्यांची प्रतिज्ञा सरकारांत मोडली होती, म्हणजे आमचें दुसरें कारण तेथें तंतोतंत लागू पडतें. जर्मनींत मुक्त लोकशाही पक्षास इ. स. २००९ मध्यें शेंकडा १४.६ मतें होतीं. सत्तेंत एक पाळी काढल्यावर इ. स. २०१३ मध्यें तीं ४.८ झालीं, आणि पांच टक्क्यांच्या अटीमुळें पक्ष संसदेच्या बाहेर गेला. परंतु इ. स. २०१७ मध्यें, विरोधांत चार वर्षे राहून, तो शेंकडा १०.७ मतांनीं परत आला. ज्या पक्षाची स्थानिक संघटना व कागदपत्र शाबूत असतात तो पुन्हां उठूं शकतो. प्रतिसहकारवाद्यांपाशीं इ. स. १९३० नंतर तीही उरली नव्हती.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. प्रतिसहकार पक्षाचा अधिकारामुळें पराभव झाला हें मतपेटींतून सरळ सिद्ध होत नाहीं. इ. स. १९३० च्या निवडणुकींत त्याचा मुख्य प्रतिस्पर्धीच नव्हता, आणि इ. स. १९३७ मध्यें मतदारसंघच निराळा होता. म्हणून आपलें अनुमान परिस्थितीच्या पुराव्यावर उभें आहे. अनेक देशांतील उदाहरणें त्यास दुजोरा देतात, पण निर्णायक साक्ष मिळावयाची असल्यास ती स्थानिक कागदांतूनच मिळेल.

८. साधनें व संग्राहकांस विनंति

पुढाऱ्यांच्या बाजूचीं साधनें पुष्कळ आहेत. दादासाहेब खापर्ड्यांची रोजनिशी आहे, केळकरांच्या ‘गतगोष्टी’ आहेत, जयकरांचें आत्मचरित्र आहे. ‘केसरी’ व नागपूरचा ‘महाराष्ट्र’ यांचे जुने अंक आहेत, आणि कायदेमंडळाच्या कामकाजाचे छापील वृत्तांतही आहेत. परंतु हीं सर्व पुण्या-मुंबईचीं, नागपूरचीं व अमरावतीचीं साधनें. नेते काय बोलले तें त्यांवरून कळतें, मतदारानें काय ऐकलें तें कळत नाहीं. वृत्तपत्रें पक्षाचीं असल्यामुळें सभा ‘प्रचंड’ कीं ‘फजीत’ हें बातमी कोणत्या पत्रांत आहे त्यावर ठरतें. दोन विरुद्ध पत्रांतील बातम्या शेजारीं ठेवूनच त्यांचा उपयोग करावा.

उणीव आहे ती तालुक्याच्या पातळीवरील कागदांची. इ. स. १९२३, १९२६, १९३० व १९३७ या चार निवडणुकींच्या मतदारयाद्या एकत्र मिळाल्या, तर खामगांव तालुक्यांत मतदारवर्ग कसा बदलला हें नांवनिशीवार पाहतां येईल. यादीच्या समासांत उमेदवाराच्या माणसानें केलेल्या खुणा असल्या तर त्या सोन्याच्या मोलाच्या समजाव्या, कारण कोणतें मत कोणीकडे गेल्याची अपेक्षा होती तें त्यांवरून समजतें. हस्तपत्रकांवर छापखान्याचें नांव व तारीख असते, त्यावरून प्रचाराचा क्रम लावतां येतो. वर्गणीच्या वह्यांत इ. स. १९२६ मध्यें प्रतिसहकार पक्षास देणगी देणारें नांव इ. स. १९३७ मध्यें काँग्रेसच्या वहींत दिसलें, तर अधिकारग्रहणानंतर अनुयायी कोठें गेले या प्रश्नाचें तें प्रत्यक्ष उत्तर होय. आणि ‘आमच्या रस्त्याचें काय झालें?’ असें मंत्र्यास विचारणारें एखादें साधें खाजगी पत्र शंभर भाषणांहून अधिक बोलकें असतें.

असे कागद मिळाल्यास संग्राहकांनीं पुढील चार गोष्टी कराव्या. गठ्ठा सोडविण्यापूर्वीं कागदांचा मूळ क्रम लिहून ठेवावा. छापील कागद म्हणून तो मोडी कागदांपासून वेगळा काढून टाकूं नये, कारण कोणाच्या घरीं काय सांपडलें हीच अर्धी माहिती असते. पाठकोरी बाजू अवश्य पहावी. जुन्या अडतीच्या दुकानीं हस्तपत्रकांच्या पाठीवर हिशेब लिहीत, आणि त्या हिशेबाच्या तारखेवरून पत्रकाचा काळ निश्चित होतो. शेवटची गोष्ट अशी कीं, कागद कोणत्याही पक्षाचा असो, आपल्या मताविरुद्ध असला तरी तो ठेवावा.

लहान पक्षास अधिकार तारतो कीं मारतो, याचें उत्तर एका वाक्यांत द्यावयाचें तर असें देतां येईल : अधिकाराचें वचन त्यास वाढवितें, अपुरा अधिकार त्यास झिजवितो, आणि अधिकाराचें फळ त्याच्या माणसांपाशीं राहतें. वऱ्हाडच्या प्रतिसहकार पक्षाचा इतिहास या तिन्ही गोष्टींची साक्ष देतो. ज्यांनीं त्यास मतें दिलीं, वर्गणी दिली, आणि पुढें निमूटपणें पाठ फिरविली, त्या खामगांव-अकोल्याकडील सामान्य माणसांची साक्ष मात्र अजून नोंदावयाची आहे. ती कोणाच्या तरी माळ्यावर असेल. ती रद्दीवाल्याच्या तागडींत जाण्यापूर्वीं हातीं यावी एवढीच इच्छा आहे.